बाबा सकाळी काही खात नाहीत

भट्टीची किल्ली बाबांकडून काढून घ्यायची, हे दादाने ठरवून टाकलं होतं. ती मागायची कोणी, एवढंच बाकी होतं. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळ्यांना नाश्त्याला बोलावलं होतं. वाईट बातमी रिकाम्या पोटी द्यायची नाही, असा आमच्या घराचा नियम आहे, आणि तीन पिढ्या बेकरीत गेल्यामुळे पोट भरायला काही कमी पडत नाही.

मी नेहमीप्रमाणे शेवटी पोहोचलो. हातात संत्र्याच्या ज्यूसच्या दोन बाटल्या होत्या. मी जाहिराती वाचतो, त्यामुळे माझा चेहरा नाही तरी आवाज बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. ‘शंभर टक्के फळं. साखर? एक कणही नाही.’ तो मीच. हे वाक्य स्टुडिओत मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. पाव सोडला, चहा सोडला, गोड सोडलं, आणि तहान लागली की ज्यूस. अलीकडे तहान बरीच लागायची, त्यामुळे माझी तब्येत फारच सुधारत असणार असं मी धरून चाललो होतो.

घरात मला भोंगा म्हणतात. बाबांना मधुमेह निघाल्यापासून या भोंग्याला आहार हा नवा विषय मिळाला होता, आणि तो बंद करायचं बटण कोणालाच सापडत नव्हतं.

“आला,” ताई म्हणाली. “आता आपल्याला कळेल आपण काय काय चुकीचं खातोय.”

ताई गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, हे तिचं काम. ते काम ती घरी आल्यावरही थांबवत नाही. कोणी बोलायला लागला की तिचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप पुढे सरकतो.

बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, आणि छातीच्या खिशात ती लांब लोखंडी किल्ली. खिसा तिच्या वजनाने एका बाजूला ओघळलेला. पंधरवड्यापासून दादाने त्यांना सक्तीची विश्रांती दिली होती. भट्टीवर जायचं नाही, पहाटे उठायचं नाही, पीठ मळायचं नाही. ते काम आता दादा करत होता, वजनकाट्यावर सगळं मोजून. किल्ली मात्र बाबांनी दिली नव्हती. रोज पहाटे ते दारापर्यंत यायचे, किल्ली दादाच्या हातात द्यायचे आणि दुकान बंद झालं की परत मागून घ्यायचे.

विश्रांतीचं कारण आधीच्या तीन महिन्यांचं होतं. सकाळी सातला उपाशीपोटी मोजली की बाबांची साखर चढलेली. डॉक्टरांनी सकाळच्या इन्सुलिनचा डोस वाढवला, मग आणखी वाढवला. तरी साखर तशीच. डॉक्टरांनी विचारलं, “सकाळी मोजायच्या आधी काय खाता?” बाबा म्हणाले, “काही नाही. दहापर्यंत अन्नाला शिवत नाही.” त्या वेळी आम्ही सगळे मागे उभे होतो आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा सकाळी काही खात नाहीत, हे आमच्या घरात लहान मुलांनाही माहीत असतं.

मग विश्रांती सुरू झाली, आता काळजी नाही म्हणून रोजचं मोजणंही थांबलं, आणि गेल्या आठवड्यात सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात कोसळले.

पुढे मी कोणाच्या मनात काय चाललं होतं ते सांगणार आहे. मला अंतर्ज्ञान वगैरे नाही. आमच्या घरात भांडण संपलं की प्रत्येक जण एकेकटा येऊन आपली बाजू मला ऐकवतो, कारण मी धंद्यात नाही आणि माझ्या मताला किंमत नाही. अशा माणसाशी मोकळेपणाने बोलता येतं.

तर दादा घाबरलेला होता. आम्हाला तो मग्रूर वाटत होता, पण तो घाबरलेला होता. बाबांना जमिनीवरून त्यानेच उचललं होतं. ज्या माणसाने आपल्याला पिठाच्या पोत्यावर बसवून सायकलवरून फिरवलं, तो इतका हलका कसा झाला, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. पडल्यानंतर ताईने यंत्रावर साखर मोजली तर दोनशे दहा. म्हणजे घरात बसूनही साखर वाढतेच आहे. दादाने मनाशी पक्कं केलं की जुनी भट्टी पाडायची, यंत्रं आणायची आणि बाबांना परत तिकडे पाऊल टाकू द्यायचं नाही. त्याला वाटलं, किल्ली खिशात आहे तोवर हा माणूस एक दिवस गुपचूप जाणार आणि त्या उष्णतेत पुन्हा पडणार.

“बाबांना हे द्या,” मी म्हणालो आणि बाबांपुढे माझं ‘आदर्श ताट’ ठेवलं. दोन उकडलेली अंडी, काकडी, मूठभर भाजलेल्या शेंगा. “याच्याने साखर जवळजवळ वाढतच नाही. पाव नाही, भात नाही, बटाटा नाही, केळं नाही.”

“मग आहे काय?” बाबांनी विचारलं.

“प्रथिनं आहेत, बाबा.”

“प्रथिनं,” बाबा म्हणाले आणि काकडीची चकती उचलून तिच्यातून माझ्याकडे पाहायला गेले, पण तिच्यात भोक नव्हतं. “सुई टोचून झाली का म्हणून तुझी आई तीनदा विचारते. टोचून झाली. आता ही काकडी तरी टोचून घ्यायची का?”

तिथेच मी थांबायला हवं होतं. सकाळचा डोस वाढवलेला, तो टोचून झालेला, आणि समोर साखर न वाढवणारं ताट. हे त्या क्षणी माझ्या डोक्यात एकत्र आलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा माझा आवाज होता.

“सगळा दोष भाताचा आहे,” मी म्हणालो. “वहिनी, तुम्ही रोज दोन वेळा भात करता.”

वहिनी दादाची बायको. बेकरीच्या काउंटरवर तीच उभी राहते. तिने शांतपणे चमचा खाली ठेवला. “भात मी करते, पण बाबा खातात वाटीभर. बटाट्यांचं काय? ते आई रोज करतात.”

“माझे बटाटे?” आई म्हणाली. “चाळीस वर्षं खाताहेत. आणि तुझ्या नवऱ्याची बिस्किटं? ती काय हवेची असतात?”

“बिस्किटं ते खातच नाहीत,” दादा म्हणाला. “ताई येते ती डझनभर केळी घेऊन येते. त्याचं कोणी बोलत नाही.”

“केळं फळ आहे,” ताई म्हणाली.

“फळात साखर नसते का?”

“भोंग्याला विचार. तो तर फळंच पितो.”

“त्यात साखर घातलेली नसते,” मी स्टुडिओतल्या आवाजात सांगितलं.

आई यात जास्त काही बोलली नाही, आणि आई गप्प बसते तेव्हा विचारायला हवं, हे आम्हाला कळायला हवं होतं. बाबा पडले त्या सकाळी त्यांच्याजवळ सगळ्यात आधी तीच पोहोचली होती. त्यांचा घाम बघून तिने दादाला हाक मारायच्या आणि ताईला फोन करायच्या आधी कपभर चहा पाजला होता. तीन चमचे साखर घालून. हात तसेच वळले, विचार केला नाही. चहा पोटात गेल्यावर बाबा भानावर आले. ताई यंत्र घेऊन आली तोवर कप विसळून ठेवलेला होता. मग दोनशे दहा आकडा दिसला, आणि आईला वाटलं की हे आपल्या चहामुळे झालं. आपण मधुमेहाच्या माणसाला साखर पाजली. तेव्हापासून ती तो कप पोटात घेऊन फिरत होती. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर मी तिला तासभर व्याख्यान दिलं असतं.

“पुरे,” ताईने ब्रेक दाबला. तिने पर्समधून साखर मोजायचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. “वाद कशाला घालायचा? प्रत्येकाने आपापलं लाडकं खा. तासाने बोट टोचू. कोणाचा पदार्थ गुन्हेगार आहे ते दिसेलच.”

“आणि बाबा?” वहिनीने विचारलं.

“त्यांना कशाला उगाच टोचायचं?” मी म्हणालो. “त्यांची वाढलेली आहे हे माहीतच आहे.”

घरात एकच माणूस आजारी होता आणि त्याला सोडून सगळ्यांची तपासणी करायची, हे एकमताने मंजूर झालं. आमच्या घरात एकमत इतकं क्वचित होतं की ते झालं तेव्हाच संशय यायला हवा होता.

ताईने दोन केळी खाल्ली. वहिनीने भात घेतला, पण त्याच्यावर मसुराची डाळ आणि भरपूर पालक. आईने कालचे उकडलेले गार बटाटे दह्याबरोबर खाल्ले. दादाने आपल्याच बेकरीच्या पावाचे तुकडे बोटभर लोणी लावून खाल्ले, आणि खाताना त्याचं तोंड थोडं वाकडं झालं ते फक्त वहिनीने पाहिलं. मी दोन ग्लास ज्यूस प्यालो. बाबांनी एक अंडं खाल्लं, दुसरं बाजूला सारलं आणि शेंगांची टरफलं एकावर एक रचत बसले.

मग त्या तासाभरात किल्लीचा विषय निघाला. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे, ताईने आईकडे. शेवटी दादाच बोलला.

“बाबा, किल्ली आता माझ्याकडेच राहू दे.”

“का?”

“रोज पहाटे दारापर्यंत यायचं, परत मागायचं... हे किती दिवस चालणार?”

“मी बरा होईपर्यंत.”

“डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना? पीठ पोटात गेलं की त्याची साखरच होते.”

“म्हणजे माझ्या आजोबांपासून आपण साखरच विकतोय,” बाबा म्हणाले. “आधी सांगायचं. दुकानाची पाटी बदलली असती.”

“बाबा, मी गंमत करत नाहीये. तुम्ही पडलात.”

“पडलो तेव्हा मी घरात होतो, भट्टीवर नव्हतो. भट्टीवर इतकी वर्षं कधी पडलो नाही.”

ते वाक्य टेबलावर पडून राहिलं आणि आम्ही कोणीही उचललं नाही. वहिनीच्या मनात मात्र ते अडकलं. तिला वेगळंच काही सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी पाव परत आणून दिला होता. एका म्हाताऱ्या बाईंनी तर विचारलं होतं, “पाव तुमचाच आहे ना?” वहिनीने आत जाऊन एक तुकडा तोंडात टाकला तर तो घशाखाली उतरेना. मीठ काट्यावर बरोबर होतं, पण पीठ बदललं होतं, त्यामुळे जिभेला ते कमी पडत होतं. हे नवऱ्याला सांगावं तर तो आधीच झोपत नव्हता, आणि सासऱ्यांना सांगावं तर बापलेकात भांडण लावल्यासारखं झालं असतं. म्हणून ती मूग गिळून बसली होती.

तास झाला. ताईने बोटं टोचायला सुरुवात केली.

वहिनीचा भात एकशे अठरा. मी म्हणालो, असं कसं? ताई म्हणाली, “डाळ आणि भाजीमुळे भात एकदम अंगावर येत नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तू बोलत होतास तेव्हा.” आईचे गार बटाटे एकशे चोवीस. ताईची केळी एकशे अडतीस. दादाचा पाव एकशे बेचाळीस, आणि तोही लोण्याने आवरला होता म्हणून.

“आता आदर्श पुरुष,” ताई म्हणाली.

मी मोठ्या रुबाबात बोट पुढे केलं. यंत्राने आकडा दाखवला आणि ताईने तो वाचला नाही, माझ्यापुढे धरला. दोनशे एकतीस.

“यंत्र बिघडलंय,” मी म्हणालो.

“आतापर्यंत चांगलं होतं.”

“माझ्या हाताला काहीतरी लागलं असेल. मी हात धुऊन येतो.”

हात धुऊन आलो. दोनशे अठ्ठावीस. दुसऱ्या हाताच्या बोटावर मोजायला लावलं. दोनशे तेहतीस. पट्ट्यांची डबी मी एकट्याने रिकामी करत आणली होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. दादाला हसू आलं होतं, पण ते त्याने आवरलं, आणि ते आवरलं म्हणून मला जास्त भीती वाटली. ती अलीकडची तहान मला आठवली. एवढी बढाई मारून मी आणला काय होता, तर बाटलीत भरलेली साखर, आणि ती विकणारा आवाजही माझाच.

“पण त्यात साखर घातलेली नाही,” मी हळूच म्हणालो.

“संत्र्याने घातली,” ताई म्हणाली. “चोथा काढून टाकला की उरतं काय?”

तेवढ्यात बाबांनी टेबलावर हात आपटला.

“बास झालं. किल्ली हवी ना? घ्या.”

त्यांनी खिशात हात घातला. किल्ली निघेना. बोटं खिशाच्या कडेवर घसरत होती. शेवटी किल्ली बाहेर आली आणि टेबलावर न पडता जमिनीवर पडली. दादा ती उचलायला वाकला. त्याचे डोळे भरून आले होते. बाबा ऐकले, आता सुटलो, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं. ताईलासुद्धा.

वहिनी किल्लीकडे बघत नव्हती. पंखा चालू असताना बाबांच्या कपाळावर घाम होता, कॉलर भिजली होती. ते तिच्याकडे बघून म्हणाले, “पहिला घाणा निघाला का? उशीर झाला.”

पहिला घाणा म्हणजे पहाटेचे पहिले पाव. आता तर ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं.

“बाबा, मी कोण?” वहिनीने विचारलं.

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते टरफलं एकावर एक ठेवायचा प्रयत्न करत होते आणि ती पडत होती.

वहिनीने ताईच्या हातून यंत्र ओढून घेतलं. डबीत एकच पट्टी उरली होती, कारण बाकीच्या माझ्या अहंकारावर खर्च झाल्या होत्या. तिने बाबांचं बोट धरलं. त्यानंतरचे काही सेकंद मला फार लांब वाटले.

“बावन्न,” वहिनी म्हणाली.

आम्ही सगळे धावलो आणि सगळे चुकीच्या दिशेला धावलो. दादा पाण्याचा तांब्या घेऊन आला. ताई गाडीची किल्ली शोधायला लागली. मी तर चक्क उरलेलं अंडं उचलून बाबांपुढे धरलं. खुर्चीवरून हलली नाही ती आई. तिने टेबलावरची माझी ज्यूसची बाटली घेतली, ग्लास भरला आणि बाबांच्या ओठांना लावला.

“प्या,” ती म्हणाली. “अहो, गिळा. सगळं प्या.”

“आई, त्याने साखर...” मी म्हणालो.

“वाढू दे. वाढायलाच हवी.” तिने ग्लास तसाच धरून ठेवला. “त्या दिवशीसुद्धा असाच घाम होता. मी गोड चहा पाजला होता. तुम्ही मोजलंत ते चहानंतर. मी सांगितलं नाही. मला वाटलं मीच त्यांना आजारी पाडलं.”

बाबांनी ग्लास संपवला. आईने अर्धा ग्लास पुन्हा भरून त्यांना पाजला. ताईने दवाखान्यात फोन लावला आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून नव्या पट्ट्या आणायला पळाली. पावाचा तुकडा आणि उरलेलं अंडं त्यांना नंतर द्या, म्हणजे साखर पुन्हा खाली येणार नाही, असं फोनवर सांगितलं गेलं. थोड्या वेळाने बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्या बाटलीकडे.

“हे काय पाजलंत मला?”

“संत्र्याचा ज्यूस,” मी म्हणालो.

“फार गोड आहे.”

ताई पट्ट्या घेऊन आली. शहाण्णव. तेव्हा कुठे दादा खुर्चीवर बसला. किल्ली अजून त्याच्या मुठीत होती आणि तिचे वळ त्याच्या तळव्यावर उमटले होते.

“म्हणजे त्या दिवशी साखर वाढून नाही, कमी होऊन पडले होते,” ताई म्हणाली. ती आता कोणाला गाडी शिकवावी तशी एकेक गोष्ट विचारत होती. “पण डोस तोच, जेवण तेच. फक्त विश्रांती. विश्रांतीने साखर इतकी कमी कशी होईल? बाबा, नीट सांगा. भट्टीवर असताना सकाळी काय खायचात?”

“काही नाही.”

“चहा?”

“दहानंतर.”

“पाव?”

“पाव कशाला खाईन? पाव फक्त चाखतो.”

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की आम्ही परत एकदा माना डोलावल्या. मग ताईची मान मध्येच थांबली. मग दादाची. मग माझी.

आमच्या पणजोबांचा नियम आहे की मालकाने चावून पाहिल्याशिवाय घाणा दुकानात जायचा नाही. प्रत्येक घाण्यातला एक पाव फोडायचा, कडेचा तुकडा मालकाने खायचा आणि मीठ, यीस्ट, शेक सांगायचा. पहाटेपासून दुकान उघडेपर्यंत घाण्यामागून घाणे निघतात. आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून बाबांना गरम पाव चावताना पाहिलं होतं. दादा तर रोज त्यांच्या शेजारी उभा असायचा. पण ते काम होतं. काम म्हणजे खाणं, असं आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

“किती तुकडे?” ताईने विचारलं.

बाबा बोटं मोजायला लागले आणि एक हात पुरला नाही.

“सातला उपाशीपोटी म्हणून मोजत होतो तेव्हा ते पोटभर पाव खाऊन यायचे,” ताई म्हणाली. “डॉक्टरांनी त्या पावाच्या हिशेबाने इन्सुलिन वाढवलं. मग आपण पाव बंद केला आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं.”

“आणि वर काकडी दिली,” मी म्हणालो. कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

दादाने मुठीतली किल्ली टेबलावर ठेवली. “मी यांना जवळजवळ मारलं असतं,” तो म्हणाला.

“आपण सगळ्यांनी मिळून,” आई म्हणाली. “एकटा मान घेऊ नकोस.”

मग वहिनीने तोंड उघडलं. “आणि पावात मीठ लागत नाही. आठवड्यात तिघांनी परत आणला. अहो, तुम्हालाही मघाशी कळलं होतं. मी बघितलं.”

दादाने मान हलवली. त्याला त्या पंधरवड्यात पहिल्यांदा हलकं वाटलं, असं तो नंतर मला म्हणाला. त्याने किल्ली टेबलावरून बाबांकडे सरकवली.

बाबांनी ती घेतली नाही. “मी चाखलं तर साखर वाढते,” ते म्हणाले. “न चाखता भट्टीवर उभा राहिलो तर मी तिथे करू काय? पोती मोजू?” ते रागावलेले नव्हते, आणि तेच आम्हाला सोसवेना. एवढा वेळ आम्ही किल्लीवरून भांडत होतो. ते मात्र कशाला मुकणार होते, हे आम्हाला आता कळलं.

“सूनबाई,” ते वहिनीकडे वळून म्हणाले. “तुला मीठ कमी आहे हे कसं कळलं?”

“जिभेच्या कडेला कळलं. मधे कळत नाही.”

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती आजच लग्न होऊन घरात आली होती. “कडेलाच कळतं,” ते म्हणाले.

दवाखान्यातून फोनवर डोस कमी करून दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी बोलावण्यात आलं. दोघांना. ताईने माझे तिन्ही आकडे सांगून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा भट्टीवर गेले. दादाने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी कुलूप उघडलं. पहिला घाणा निघाला. बाबांनी पाव फोडला, कडेचा तुकडा स्वतः खाल्ला आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. दुसऱ्या घाण्याचा तुकडा त्यांनी वहिनीला दिला. तिने तो सावकाश चावला.

“शेक जास्त आहे. खालून,” वहिनी म्हणाली.

बाबांनी पाव उलटा करून पाहिला. मग किल्ली काढली आणि तिच्या एप्रनच्या खिशात टाकली. दादा शेजारीच उभा होता. मागायची कोणी, हा प्रश्न सोडवायला आम्ही एवढा नाश्ता केला, आणि जिने कधी मागितली नाही तिला ती मिळाली.

दवाखान्यात आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो. मी बाबांना घेऊन आलोय असं मी सगळ्यांना सांगत होतो. बाबाही मला घेऊन आल्याचं सांगत होते, आणि त्यांचं जास्त खरं होतं. डॉक्टरांनी आम्हाला एकदमच आत घेतलं.

“आज सकाळपासून काय खाल्लंत?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. मला ते उत्तर पाठ होतं, माझी मान डोलायच्या तयारीत होती. पण बाबा थांबले. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, नखांत अजून पीठ होतं.

“एक तुकडा पाव,” ते म्हणाले. “पहिल्या घाण्याचा. कडेचा. बाकीचे सुनेने खाल्ले.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते कोणीतरी लिहून घेतलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

“आणि तुम्ही?”

“काही नाही,” मी म्हणालो. तोच स्वच्छ, खणखणीत आवाज.

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी शाळेत पोचवताना ठेवायचे तसाच.

“नीट आठव,” ते म्हणाले.